मशीन स्वस्त, पान महाग: ऑल-इन-वन लेझर प्रिंटरची गोष्ट

आजचा भाग अशा एका वस्तूबद्दल आहे, जी बिघडल्याशिवाय तिच्याकडे कोणी बघत नाही. प्रिंटर. त्यातही घरातल्या छोट्या ऑफिससाठी घेतात तो ऑल-इन-वन लेझर प्रिंटर. म्हणजे प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन, आणि काहींमध्ये अजूनही फॅक्स.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझीच आहे.

माझी आई सांगलीत घरूनच टॅक्सचं काम करते. पुढच्या खोलीत एक टेबल, लॅपटॉप आणि फायलींनी भरलेली दोन कपाटं. पगारदार माणसं, निवृत्त शिक्षक, दोन-चार दुकानदार असे तिचे लोक. रिटर्न ऑनलाइन भरला जातो हे खरं, पण कागद काही संपलेला नाही. कर्जासाठी बँक जुने रिटर्न मागते, लोकांना सही करायला कागद हातात लागतो, फॉर्म १६ स्कॅन करायचे असतात. तिला प्रिंटर मीच घेऊन दिला होता. ऑनलाइन सेल, बऱ्यापैकी स्टार, सगळ्यात कमी किंमत. दहा मिनिटांत ऑर्डर. पोरगा बी.टेक. आहे, त्याला कळतं, असा घरचा विश्वास.

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी घरी गेलो होतो. रिटर्नची शेवटची तारीख जवळ, आई कामात बुडालेली. प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर 'अपडेट उपलब्ध' असं दिसत होतं. आमच्या धंद्यात अपडेट टाळणं म्हणजे पाप. मी बटण दाबलं. मशीन बंद झालं, परत चालू झालं, आणि म्हणालं की आतलं कार्ट्रिज मान्य नाही. कार्ट्रिज रिफिल केलेलं होतं. तासाभरापूर्वी त्याच कार्ट्रिजवर सुंदर प्रिंट येत होती.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका रिटायर्ड गुरुजींची फाईल बँकेत द्यायची होती, नातीच्या शैक्षणिक कर्जाची. मी दोन तास खटपट केली, जुनं फर्मवेअर परत चढवता येतं का बघितलं. नाही जमलं. सकाळी झेरॉक्सवाल्या काकांनी शटर उघडायच्या आधीच आई पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी होती. फाईल वेळेत गेली. मला ती रागावली नाही. संध्याकाळी चहा पिताना फक्त एवढं म्हणाली, "मशीन आपलं आहे ना रे? मग त्यात काय घालायचं ते दुसरंच कोण ठरवतंय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि थेट १९३८ सालात जाऊन पोचलो. तर चला.

हाताने नकला काढणारा माणूस

चेस्टर कार्लसन हा अमेरिकेतला एक गरीब घरातला मुलगा. जन्म १९०६, सिएटल. वडील न्हावी होते, पण संधिवाताने आणि क्षयाने अंथरुणाला खिळले. चेस्टर शाळेत असल्यापासून कमवून घर चालवत होता. शिकत शिकत १९३० मध्ये कॅलटेकमधून फिजिक्सची पदवी घेतली. ते मंदीचे दिवस. नोकरी मिळाली, गेली, आणि शेवटी तो न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात लागला.

पेटंटच्या कामात नकला फार लागतात. त्या काढायच्या कशा? टाइपरायटरवर कार्बन घालून, किंवा फोटो काढून, नाहीतर हाताने लिहून. कार्लसनची नजर अधू आणि वडिलांसारखाच संधिवात सुरू झालेला. त्याने ठरवलं की नक्कल काढायची सोपी रीत शोधायची. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो वाचत राहिला. फोटोग्राफीच्या ओल्या रसायनांच्या वाटेला मोठ्या कंपन्या आधीच गेल्या होत्या, म्हणून त्याने वेगळी वाट धरली: स्थिर वीज. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे चिकटतात ना, तीच.

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ॲस्टोरियामध्ये भाड्याची एक खोली. सोबत मदतनीस ओटो कोर्नेई. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. कोर्नेईने काचेच्या पट्टीवर शाईने '१०-२२-३८ ॲस्टोरिया' एवढंच लिहिलं. पत्रा कापडाने घासून भारित केला, त्यावर काच ठेवली आणि काही सेकंद झगझगीत दिव्याखाली धरलं. जिथे उजेड पडला तिथला भार निघून गेला. अक्षरांच्या सावलीत तो तसाच राहिला. वरून बारीक पूड भुरभुरली, फुंकर मारली. अक्षरं तेवढी उरली. ती मेणकागदावर घेऊन गरम केली की झाली नक्कल.

मंडळी, तुमच्या घरातला लेझर प्रिंटर आजही हेच करतो. ड्रम भारित करायचा, उजेडाने त्यावर चित्र काढायचं, पावडर चिकटवायची, कागदावर उतरवायची, उष्णतेने पक्की करायची, ड्रम पुसायचा. गंधकाच्या जागी आधी सेलेनियम आलं, मग सेंद्रिय रसायनांचे थर आले. पण पायऱ्या त्याच.

कार्लसनला १९४२ मध्ये मुख्य पेटंट मिळालं. ते घेऊन तो कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिला. आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए. वीसहून जास्त ठिकाणी नकार. शेवटी १९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल या संशोधन संस्थेने हात दिला, आणि त्यानंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड नावाच्या एका लहान कंपनीने हक्क घेतले. हॅलॉइडवाले फोटोचा कागद बनवायचे, आणि त्याच गावात कोडॅक होती. म्हणजे वडाच्या झाडाखालचं रोपटं. काहीतरी नवीन केल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. कोरडं लेखन या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून तंत्राला 'झेरोग्राफी' नाव पडलं, आणि १९६१ मध्ये कंपनीचंच नाव झालं झेरॉक्स. आपल्याकडे तर ते नाव क्रियापदासारखंच झालं. कुठल्याही कंपनीचं मशीन असो, आपण म्हणतो, "दोन झेरॉक्स काढून आण."

मीटर इथे बसला

आता नीट ऐका, कारण आईच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

१९५९ मध्ये त्यांनी ९१४ नावाचं मशीन आणलं. नऊ बाय चौदा इंचापर्यंतच्या कागदाची नक्कल करायचं म्हणून ९१४. वजन जवळपास ३०० किलो. साध्या कागदावर, कोरडी, बटण दाबलं की नक्कल. सायक्लोस्टाईलची शाई नाही, स्टेन्सिल नाही. मशीन कधी कधी कागद जाळायचं, म्हणून सोबत छोटं अग्निशामक द्यायचे. त्याला नाव काय दिलं होतं? 'स्कॉर्च एलिमिनेटर'. मार्केटिंगवाले तेव्हाही आपल्याच वळणाचे होते.

अडचण किमतीची होती. मशीन सुमारे २७,५०० डॉलरचं. त्या काळी नक्कल काढायला एवढे पैसे कोण घालणार? जोसेफ विल्सन तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी मशीन विकण्याऐवजी भाड्याने दिलं. महिन्याला ९५ डॉलर. त्यात २,००० नकला फुकट, आणि पुढे दर नकलेला काही सेंट. मशीनमध्ये मीटर. महिनाअखेर आकडा बघायचा आणि बिल करायचं.

ऑफिसवाल्यांना वाटलं, दोन हजार नकला आपल्याला कशाला लागतात? पण बटण हाताशी आलं की माणूस दाबतो. आधी जे पत्र एकाने वाचून दुसऱ्याकडे पाठवलं असतं, त्याच्या आता पाच नकला निघू लागल्या. दोन हजारांचा आकडा बघता बघता ओलांडला जायचा, आणि कंपनीचा खरा पैसा त्या पुढच्या पानांत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर हे क्लाउडचं बिल झालं. सुरुवातीचा कोटा फुकट, पुढे वापराल तसं.

तेव्हा निदान हिशोब उघड होता. मशीन कंपनीचं, पान तुमचं, दर करारात लिहिलेला.

आरसा फिरला

याच कंपनीत गॅरी स्टार्कवेदर नावाचा प्रकाशशास्त्राचा इंजिनिअर होता. १९६७ च्या सुमारास त्याच्या डोक्यात आलं की कॉपिअरमध्ये मूळ कागदाचा उजेड ड्रमवर पडतो, मग मूळ कागदच कशाला हवा? कॉम्प्युटरने सांगायचं आणि लेझरने थेट ड्रमवर लिहायचं. त्याच्या साहेबांना हे अजिबात पटलं नाही. लेझर तेव्हा महागडा होता आणि कंपनी तर कॉपिअर विकत होती. काम थांबव म्हणून सांगितलं. तो लपूनछपून करत राहिला. शेवटी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनीने काढलेल्या पार्क या नव्या संशोधन केंद्रात त्याची बदली झाली. तिथे वर्षभराच्या आत त्याने एका कॉपिअरमध्ये फेरफार करून लेझर प्रिंटर चालवून दाखवला. सेकंदाला एक पान.

त्यातली युक्ती मला फार आवडते. लेझरचा झोत ड्रमवर डावीकडून उजवीकडे सरकवायला अनेक बाजूंचा फिरता आरसा लागतो. आरशाची प्रत्येक बाजू अतिशय अचूक हवी, नाहीतर ओळी वरखाली होणार. तेवढा अचूक आरसा बनवणं भयंकर खर्चिक. स्टार्कवेदरने मध्ये दंडगोलाकार भिंग बसवलं, जे झोताची ती लहानशी चूक आपोआप सुधारतं. म्हणजे आरसा थोडा कमी अचूक असला तरी चालेल. हार्डवेअर स्वस्त करणारा असा एखादा विचार अख्ख्या उद्योगाचं गणित बदलतो.

तरी सुरुवातीची मशीन प्रचंडच होती. आयबीएमचा ३८०० आणि १९७७ चा झेरॉक्स ९७००, हे खोलीभर पसरणारे, लाखो डॉलरचे प्रिंटर. घरात येण्यासाठी अजून एक गोष्ट व्हायची होती.

डबा

ती जपानमध्ये झाली. कॉपिअरची कटकट ही की त्यातले भाग झिजतात. ड्रम, टोनर, सफाईची पट्टी. दर थोड्या दिवसांनी मेकॅनिक यायला हवा. मोठ्या ऑफिसला ते परवडतं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरला नाही. कॅनन कंपनीने वेगळाच विचार केला. झिजणारं सगळं एका डब्यात भरायचं आणि तो डबा ग्राहकालाच बदलू द्यायचा. १९८२ च्या त्यांच्या छोट्या कॉपिअरमध्ये हे कार्ट्रिज आलं. मेकॅनिकचं काम ग्राहकाच्या हातात आलं.

याच कल्पनेवर त्यांनी लेझर प्रिंटरचं एक छोटं इंजिन बनवलं, सीएक्स नावाचं. त्यावर एचपीने १९८४ मध्ये पहिला लेझरजेट काढला. ३,४९५ डॉलर, मिनिटाला आठ पानं, इंचाला ३०० ठिपके. पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर आला, तोही याच इंजिनवर, सोबत ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा. पेजमेकर आणि हा प्रिंटर मिळून डीटीपी सुरू झालं. आपल्याकडे पुढे त्या वाटेनेच गल्लोगल्ली डीटीपी सेंटरं उभी राहिली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि एक लेझर प्रिंटर एवढ्यावर लग्नपत्रिकांपासून पुस्तकांपर्यंत मराठी मजकूर तयार होऊ लागला. छपाईच्या टाइपचे खिळे हळूहळू भंगारात गेले.

आता डब्याकडे परत या. ग्राहकाची सोय झाली यात वाद नाही. पण ९१४ च्या मीटरचं काय झालं? तो या डब्यात शिरला. मशीन आता तुम्ही विकत घेता, त्यामुळे ते आपलं वाटतं. पण डबा संपतो. तो ज्याने बनवला त्याच्याकडूनच घ्यावा लागला, तर पानाचा दर त्याच्याच हातात राहिला. मग मशीन कमी नफ्यात विकायचं आणि पैसा डब्यात काढायचा. करारात छापलेला तो दर आता कुठेच छापलेला नसतो. आपला आपण काढावा लागतो.

कुलूप

याच काळात सॉफ्टवेअरवाल्यांच्या इतिहासातली एक प्रसिद्ध घटना प्रिंटरवरूनच घडली. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्याने बदल केले होते. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा. पण त्याचा सोर्स कोड मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने गोपनीयतेच्या करारावर सही केली होती. आपल्या खोलीतलं मशीन आपल्याला सुधारता येत नाही, ही गोष्ट स्टॉलमनला खुपली. १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स आहे, त्या लिनक्सचं लायसन्स याच चळवळीतून आलेलं.

पुढे डब्यावर चिप आली. चिप ओळखीची नसेल तर मशीन अडून बसतं. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी कोर्टात गेली, कारण स्टॅटिक कंट्रोल ही कंपनी तिच्या चिपशी जुळणाऱ्या चिपा विकत होती. २००४ मध्ये अपील कोर्टाने लेक्समार्कच्या विरोधात निकाल दिला. नंतर रिफिल केलेल्या कार्ट्रिजवरून पेटंटचा वाद पेटला. तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० मे २०१७ रोजी कोर्टाने सांगितलं की एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. घेणाऱ्याने ती रिफिल केली, परत विकली, तर पेटंटच्या नावाने अडवता येत नाही.

निकाल छान आहे. पण तो कायद्यापुरता, आणि तोही अमेरिकेतल्या. फर्मवेअरला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. ते रात्री साडेनऊला अपडेट होतं आणि नाही म्हणतं. आईचं उत्तर मला इथे मिळालं.

वरची काच

राहिला ऑल-इन-वन मधला वरचा भाग. गंमत बघा, लेझर प्रिंटर जन्माला आला तोच कॉपिअरमधली काच आणि मूळ कागद काढून टाकून. ऑल-इन-वन मध्ये ती काच स्कॅनर होऊन परत वर येऊन बसली. आता 'कॉपी' दाबलं की मशीन आधी कागद स्कॅन करतं आणि मग तोच प्रिंट करतं. कार्लसनचं आणि स्टार्कवेदरचं मशीन एकाच खोक्यात आलं. म्हणून घेताना ही दोन यंत्रं वेगवेगळी तपासायची.

मग घ्यायचा कसा?

आईसाठी दुसरा प्रिंटर घेताना मी आधी दुकान उघडलं नाही, वही उघडली. तुम्हीही हेच करा.

पहिलं, महिन्याची पानं मोजा. आईची ५०० च्या आसपास निघाली. जुलैमध्ये जास्त. बॉक्सवर 'ड्यूटी सायकल' म्हणून भला मोठा आकडा असतो, त्याला भुलू नका. ती मशीनची कमाल मर्यादा असते. 'शिफारस केलेली मासिक पानं' हा आकडा शोधा.

दुसरं, पानाचा दर काढा. टोनरची किंमत भागिले त्याची पानं, अधिक ड्रमची किंमत भागिले त्याची पानं. पानांचा आकडा आयएसओ १९७५२ या मानकाने मोजलेला असेल तर दोन कंपन्यांची तुलना करता येते. एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. मशीन 'अ' १४,००० रुपयांचं, टोनर ४,५०० रुपयांचा आणि चालतो १,५०० पानं. म्हणजे पानाला ३ रुपये. मशीन 'ब' २१,००० चं, टोनर ३,००० रुपयांचा, चालतो ३,००० पानं, आणि ड्रम वेगळा, ६,००० रुपयांत १२,००० पानं. म्हणजे पानाला दीड रुपया. महिन्याला ५०० पानं धरून तीन वर्षांत १८,००० पानं होतात. 'अ' चा एकूण खर्च ६८,०००. 'ब' चा ४८,०००. सेलमध्ये वाचलेले सात हजार वजा जाऊन वर वीस हजार गेले. हा हिशोब मी आधी केला असता तर दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटं लागली असती, एवढंच. आणि हो, मशीनसोबत येणारं कार्ट्रिज बरेचदा अर्धवट भरलेलं असतं. ते पूर्ण समजून हिशोब करू नका.

तिसरं, डबा. ड्रम आणि टोनर एकत्र असेल तर बदलणं सोपं, पण चांगला ड्रमही टोनरसोबत फेकला जातो. वेगळे असतील तर सहसा पान स्वस्त पडतं. टाकीत पावडर ओतायचे लेझर प्रिंटरही आता मिळतात. आणि बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचा. 'फक्त मूळ चिप असलेली कार्ट्रिजच चालतील, अपडेटनंतर इतर बंद पडू शकतात' अशा अर्थाची ओळ दिसली, तर पानाचा दर ठरवायचा हक्क तुम्ही सोडून देताय हे समजून घ्या. मूळ कार्ट्रिजच वापरणार असाल आणि दर परवडत असेल, तर खुशाल घ्या. पण माहीत असून घ्या.

चौथं, अपडेट. इथे माझी इंजिनिअर म्हणून पंचाईत होते. अपडेट सुरक्षेसाठी खरंच लागतात. नेटवर्कवरचा प्रिंटर म्हणजे एक कॉम्प्युटरच. म्हणून मी मधला मार्ग धरला. आपोआप अपडेट बंद. प्रिंटर घरच्या वायफायपुरता, बाहेरून कोणाला दिसणार नाही असा. अपडेट आलं की त्यात काय आहे ते वाचायचं आणि कामाच्या गर्दीत कधीही टाकायचं नाही. जुलैमध्ये तर नाहीच.

पाचवं, स्कॅनर. वरून कागदांचा गठ्ठा ओढून घेणारा फीडर हवाच. तो एका फेरीत दोन्ही बाजू स्कॅन करतो का ते विचारा. आणि लीगल साइज. आपल्याकडे करारनामे, स्टॅम्प पेपर, कोर्टाचे कागद लांबीला ए४ पेक्षा मोठे असतात. बऱ्याच मशीनची काच ए४ पुरतीच असते, लीगल कागद फक्त फीडरमधून जातो. जुना, फाटका स्टॅम्प पेपर फीडरमध्ये घालायची हिंमत होत नाही. हे घेण्याआधी बघा. आपोआप दोन्ही बाजूंनी छापणंही बघा, कागद निम्मा लागतो.

सहावं, वीज आणि हवा. आतला फ्यूजर कागद तापवून पावडर वितळवतो, त्यासाठी क्षणभर काहीशे वॅट ओढतो. छोट्या यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर लेझर प्रिंटर लावू नका, भिंतीतला सॉकेट द्या. पावसाळ्यात कागदाचं रीम उघडं टाकू नका, दमट कागद वेडावाकडा होतो आणि अडकतो. कोकणातल्या मंडळींना हे सांगायची गरज नाही.

सातवं, फोन. एअरप्रिंट किंवा मोप्रिया आहे का ते बघा, म्हणजे फोनवरून थेट प्रिंट देता येईल आणि उद्या कंपनीचं ॲप बंद पडलं तरी अडणार नाही. आणि तुमच्या गावात सर्व्हिसला माणूस येतो का, हे स्टार बघण्याआधी विचारा.

आणि लेझरच का, तर शाईचा प्रिंटर पंधरा दिवस पडून राहिला की नळी सुकते. टोनर ही पावडर आहे, ती सुकायचा प्रश्नच नाही. फोटो आणि रंगीत काम जास्त असेल तर मात्र इंक टँक बघा, तिथे लेझरचा हट्ट नको.

वहीतला आकडा

शेवटी आईने घेतला तो प्रिंटर सेलमधला नव्हता. गावातल्या दुकानातून, थोडा महाग, ड्रम वेगळा. दुकानदाराला तिने माझ्यासमोर विचारलं, "रिफिल चालेल ना? लिहून द्या." त्याने बिलाच्या मागे लिहून दिलं. त्या लिहून दिल्याला कोर्टात किती किंमत आहे देव जाणे, पण विचारायचं असतं हे मला तेव्हा कळलं.

आता दर महिन्याच्या शेवटी ती मशीनमधून रिपोर्टचं पान काढते. त्यावर आतापर्यंत छापलेल्या पानांचा आकडा असतो. तो ती वहीत लिहिते, शेजारी टोनरची तारीख आणि किंमत. मागच्या दिवाळीत तिने वही माझ्यापुढे सरकवली. एका पानाचा खर्च तिने काढला होता, पैशापर्यंत. बॉक्सवर लिहिलेल्यापेक्षा थोडा जास्त होता. ९१४ च्या मीटरचा आकडा बघायला कंपनीचा माणूस यायचा, आमच्या घरात तो आई बघते.

तुमच्या घरात प्रिंटर असेल तर आज एक काम करा. सेटिंगमध्ये जाऊन पानांचा आकडा बघा आणि आजवर टोनरवर किती पैसे गेले ते आठवा. भागाकार करा. येईल तो तुमच्या पानाचा खरा दर.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. आणि हो, अपडेटचं बटण दाबण्याआधी घरात एकदा विचारा.